पासंग

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली मी.
मशीद बंदरच्या गाळ्यांतून फिरलो,
पितळी मापं उलटी करून बुडं ठोकून पाहिली,
पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा
नखानं खरवडून काढला.
घरी आलो की हातपाय धुऊन पानावर बसायचो.
कशाला वास येतो, कशाला नाही,
हे काही माझ्या टेबलावरचं काम नव्हतं.

आता कन्नमवार नगरातल्या दोन खोल्यांत
वॉशिंग मशीनवर ठेवलेल्या ओव्हनसमोर
स्टूल घेऊन बसतो,
आणि ओट्यापाशी उभी हेमांगी विचारते,
"काय म्हणतोय?"

गेल्या वर्षीच्या तापानं तिचं नाक नेलं.
ताप उतरला, वास परतले नाहीत.
आधी तिला वाटलं, व्हॅनिलाच जुना झालाय.
क्रॉफर्ड मार्केटातून नवी बाटली आणली,
मग वेलदोडे बदलले, मग लोणी.
मग एका दुपारी बारा कपकेकचा कोळसा झाला
आणि ही तिथून हातभर अंतरावर
बारशाच्या ऑर्डरीचे खोके दुमडत बसलेली.
खालच्या मजल्यावरून इंगवले वहिनी धावत वर आल्या.
हिनं दार उघडून त्यांनाच विचारलं,
"काय हो, काय झालं?"

मी म्हटलं, टायमर लावू.
एकशे ऐंशी अंश, अठरा मिनिटं, विषय संपला.
"अहो, मैदा रोज वेगळा असतो," ती म्हणाली.
"या हवेत साखरसुद्धा घामेजते.
घड्याळाला काय कळतंय त्यातलं?"

मग मलाच शिकावं लागलं.
पहिल्या दिवशी माझ्याकडे एकच शब्द होता: छान.
"छान म्हणजे किती?"
अगदी त्याच आवाजात,
ज्या आवाजात मी दुकानदारांना विचारायचो,
'जवळजवळ किलो' म्हणजे किती?

आता सांगतो.
पाचव्या मिनिटाला: पतंगाला लावायची खळ, कोमट.
दहाव्याला: दूध उतू जायच्या जरा आधीचं.
मग मध्येच एकदम
जूनमधली कोरी वही, पहिलं पान.
(ही वही तिला फार आवडली.
"थांबा, वहीत थोडा वेळ राहू द्या," म्हणाली.)
आणि मग कडेकडेनं
इस्त्रीवाल्याकडून आत्ताच आलेला सदरा,
घडीत अजून गरम.
"बास. काढा."
विणायची सुई मधोमध खुपसते ती.
सुई कोरडी निघते.
माझ्याकडे न बघता मान हलवते.

एकदा आयसिंगची पिशवी पिळता पिळता म्हणाली,
"पूर्वी या ओट्यावर
तुम्ही माझ्या पासंगालाही पुरला नसता."
खरं होतं.
जन्मभर पासंग पकडले,
आणि म्हातारपणी आपणच चिकटलो एका पारड्याखाली.
पण या गुन्ह्याला दंड किती,
ते आमच्या नियमावलीत नव्हतं.

काल नानकटाईची ऑर्डर होती, घाटकोपरला पोचवायची, दोन किलो.
तूप फेसून फेसून तिचा हात भरून आला.
गोळे थापले, जायफळ किसलं,
ताट मी आत सरकवलं, झाकण लावलं, स्टुलावर बसलो.
आम्ही दोघं गप्प.
बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
तिचं ते टुंटुं वाजत राहिलं.

"अहो!"
ती पदराला हात पुसत पुढे आली, डोळे मिटलेले.
"आला. मला आला. तुपाचा,
आणि मागून जायफळ. हो ना?"

ओव्हनचा लाल दिवा विझलेला होता.
भिंतीवरचं बटण मी दाबलंच नव्हतं.
काचेआड सगळे गोळे होते तसे, पांढरे, थंड.

एकतीस वर्षांत एकही काटा
तपासल्याशिवाय सोडला नाही मी.

"हो," म्हटलं.
"पण अजून कच्चंय. पंधरा मिनिटं तरी."

ती फळीवरचा मोठा डबा काढायला वळली,
तेव्हा हळूच बटण खाली केलं,
आणि आवाज होऊ नये म्हणून
जरासा खोकलो.